अपूर्ण कार्डांचा खण

जरा खाली वाका, मित्रांनो. आणखी थोडे. कपाटाचे वरचे पाच खण तुम्हाला उभ्या उभ्या दिसतात, कारण ते दिसावेत म्हणूनच तसे बसवले आहेत. त्यांच्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर जो सहावा आहे, तो मी. मी एक जुना लाकडी खण आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे आणि समोरच्या फळीवर बुटांचे ओरखडे आहेत. वाकायचा कंटाळा असलेल्या माणसांनी मला आयुष्यभर पायानेच बंद केले, त्याच्या या खुणा.

शहराच्या आरोग्य कचेरीत जन्मदाखला काढायला तुम्ही आईबाबांबरोबर येता, तेव्हा रांगेत उभे राहून आमच्याच कपाटाला टेकता. परवा तुमच्यातल्या एकीने माझी कडी अर्धा तास वाजवली. तिची आई तिला ओरडली, पण मला मात्र बरे वाटले. माझ्याशी कुणी खेळले, असे पहिल्यांदाच झाले. तेव्हाच मनात आले की, आपली हकिगत मुलांना सांगून टाकावी.

आम्हा सहा खणांना एकाच सुताराने घडवले. वरच्या पाचांसाठी त्याने निवडून फळ्या घेतल्या, त्यांना रंधा मारला, पॉलिश केले. माझी पाळी येईपर्यंत चांगले लाकूड संपले होते. एक गाठ असलेली फळी उरली होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "खालचा आहे. कोण बघतंय?" जगात आल्यावर मी ऐकलेले हे पहिले वाक्य. मला थोडे वाईट वाटले, पण सुतार मनाने वाईट नव्हता. माझ्या पट्ट्यांवर त्याने मेणबत्ती घासली, दोनदा मला आतबाहेर करून पाहिले आणि पाठीवर थाप मारून कचेरीत पाठवून दिले.

कचेरीत आम्हाला नावे मिळाली. प्रत्येकाच्या कपाळावर पितळी चौकट होती आणि तीत एकेक चिठ्ठी सरकवलेली. सगळ्यात वर 'पती-पत्नी', त्याखाली 'मुलांसोबत', मग 'भावंडे व इतर नातलग', मग 'संस्थेत', मग 'एकटे'. आणि सर्वांत खाली माझ्या कपाळी आले 'अपूर्ण'. मला नाव मिळाले याचाच मला इतका आनंद झाला होता की, त्याचा अर्थ विचारायचे सुचलेच नाही.

आमच्यात काय ठेवत असत, ते सांगतो. घाबरू नका. शहरात कुणी वारले की त्या माणसाचे एक कार्ड तयार होई. त्यावर नाव, वय, गल्ली, कशाने गेले आणि घरात आणखी कोण राहत होते, एवढी माहिती असे. शेवटी एक ओळ असे, 'घरातील माहिती देणाऱ्याची सही'. कार्ड आले की ज्याच्या त्याच्या खणात जाई. वर्ष संपले की खण उघडून कार्डे मोजत आणि त्यांचा तक्ता करत.

तुम्ही म्हणाल, गेलेल्यांना मोजून काय मिळते? मलाही आधी तेच वाटे. पण समजा, दोन शाळा आहेत. एकीत हजार मुले, दुसरीत शंभर. दोन्ही शाळांत दहा दहा मुलांना ताप आला. मग दोन्ही शाळा सारख्याच का? नाही ना! लहान शाळेत काहीतरी नक्कीच बिघडले आहे, कदाचित पाणी, कदाचित आणखी काही. हे नुसते दहा मोजून कळत नाही. दर हजारी किती, ते पाहावे लागते. आमची कचेरी हेच करत असे. कुठल्या वस्तीत, कुठल्या वयात, कशा घरात राहणारी माणसे हजारी किती जातात, ते ती शोधून काढी. माणसे सगळीकडे सारखी जात नाहीत, मित्रांनो. ती कुठे राहतात आणि कुणाबरोबर राहतात, यावरही ते ठरते.

हे काम करणाऱ्या कारकून बाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. कार्डे जोडायच्या चार-पाच टाचण्या त्यांच्या ओठांत सदैव धरलेल्या असत. त्यामुळे त्या बोलत कमी आणि हुंकार जास्त देत. त्यांच्या एका तक्त्यावरून कळले होते की, कारखान्यामागच्या वस्तीत तान्ही बाळे बाकीच्या शहराच्या तिप्पट जातात. मग तिथले पाणी तपासले गेले आणि नवा नळ आला. पुढच्या वर्षी तिथल्या बाळांची कार्डे निम्म्याने कमी झाली. टाचणीबाईंचा तक्ता म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे सगळी कचेरी मानू लागली.

त्यांची एकुलती एक मैत्रीण म्हणजे कचेरीतल्या टंकलेखक बाई. त्यांच्या यंत्राच्या आवाजावरून त्यांना खटखटताई नाव पडले होते. दोघी दुपारी आमच्या कपाटाजवळ स्टूल ओढून डबा खात. मी खाली असल्यामुळे मला माणसे पायांवरूनच ओळखू येत. टाचणीबाईंच्या तपकिरी चपला, अंगठ्याजवळ शिवलेल्या. खटखटताईंचे काळे कापडी बूट, ज्यांच्या नाड्या कधीच नीट बांधलेल्या नसत.

"अगं, निदान जेवताना तरी त्या टाचण्या काढ तोंडातून," खटखटताई म्हणत. "एखादी पोटात गेली तर तुझं कार्ड मला टाइप करावं लागेल."

"कर की. शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या करू नकोस," टाचणीबाई म्हणत आणि दोघी हसत. मीही आतल्या आत हसे. कार्डांच्या कचेरीत असे विनोद चालतात.

आम्ही खण एकाच कपाटात राहतो, पण एकमेकांना कधी दिसत नाही. एक उघडला की बाकीचे मिटलेले असतात. त्यामुळे त्या दोघींचे बोलणे हीच माझी सोबत होती. रविवारी कचेरी बंद असे, तेव्हा सोमवार कधी उजाडतो याची मी वाट बघे.

आता माझ्या पोटात काय होते, ते सांगायलाच हवे. आमच्या विभागाच्या साहेबांना रकान्यांचे फार प्रेम. म्हणून त्यांचे नाव रकानेसाहेब. ते माणूस म्हणून चांगले होते, पण तक्त्यात एखादा आकडा डळमळीत दिसला की त्यांना जेवण जात नसे. पूर्वी कुणीही उठून काहीही माहिती द्यायचे आणि एकदा तर एका जिवंत माणसाचेच कार्ड आले होते. तेव्हापासून साहेबांनी नियम केला. घरच्या माणसाची सही असेल तेच कार्ड खरे. सही नसेल तर ते अपूर्ण, आणि अपूर्ण कार्ड मोजायचे नाही. ऐकीव माहितीने तक्ता नासतो, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला किती बरोबर वाटते, नाही का?

अशी सगळी कार्डे माझ्याकडे येत. सहीच्या ओळीवर कुठे 'दूधवाला' लिहिलेले असे, कुठे 'घरमालक', कुठे 'खालच्या मजल्यावरचे', तर कुठे नुसते 'माहीत नाही'. वर्ष सरले की त्यांना फीत बांधून माळ्यावर टाकत. मला त्या कार्डांची लाजच वाटायची. वरच्या खणांत सह्याबिह्या केलेली नीटनेटकी कार्डे, आणि माझ्याकडे ही अर्धवट. या लोकांच्या घरच्यांना साधी सही करायला काय होते, असे मी मनात म्हणे. आज ते आठवले की मला माझाच राग येतो.

खटखटताई निवृत्त झाल्या. त्यांच्या यंत्रावर आच्छादन आले आणि दुपारी कपाटाजवळ एकच स्टूल ओढले जाऊ लागले. खटखटताई एकट्या राहत, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. कुणी नातलग उरले नव्हते. पण त्यांच्यासारख्यांसाठी कचेरीची एक सोय होती. सायकलवरून एक सिस्टर नाव नोंदवलेल्या एकट्या वयस्कांकडे आठवड्याला एकदा जाई. नाडी बघे, गोळ्यांची डबी उघडून बघे, चार शब्द बोले आणि पुढच्या दाराकडे निघे. पाच मिनिटांचे काम. सिस्टर पत्त्यांची यादी न्यायला आमच्या खोलीत येई, तेव्हा तिच्या बुटांना रस्त्याची धूळ लागलेली असे.

मग तो तक्ता आला. साठ ते सत्तर वयाच्या लोकांचा. टाचणीबाईंनी तो महिनाभर खपून केला होता. कुणाबरोबर तरी राहणारे या वयाचे लोक शहरात बारा हजार, त्यांतले तीनशे साठ त्या वर्षी गेले. म्हणजे हजारी तीस. एकटे राहणारे दोन हजार, त्यांच्या खणात कार्डे चाळीस. म्हणजे हजारी वीस.

"बघा, बाई!" रकानेसाहेब खुशीत म्हणाले. "आपण उगीच यांची काळजी करतो. एकटे राहणारे तर टुणटुणीत आहेत! ना कटकट, ना भांडणं."

आरोग्य समितीने तो तक्ता पाहिला. सिस्टर एकच आणि दारे शेकडो, तेव्हा ठणठणीत माणसांकडे तिला कशाला पाठवायचे? आधी वर्षभर नदीच्या अलीकडच्या भागात एकट्यांच्या भेटी बंद करून पाहू, सगळे ठीक राहिले तर पुढच्या वर्षी साऱ्या शहरात बंद करू, असे ठरले. खटखटताईंचे घर अलीकडे होते.

त्या एकदा कचेरीत येऊन गेल्या. मी त्यांचे बूट लगेच ओळखले. नाड्या अजून तशाच होत्या.

"काय गं, तुझ्या तक्त्यानं मला ठणठणीत ठरवलंय म्हणे," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांनाही कळव की जरा. त्यांना अजून पत्ता नाही."

टाचणीबाई हसल्या. "आकडे आहेत ते आहेत, बाई. मी काय करू?"

"ते जाऊ दे. तू रविवारी ये. किती दिवसांत बसलो नाही आपण."

"येते. नक्की येते."

पण टाचणीबाई गेल्या नाहीत. वर्ष संपत आले होते, नव्या तक्त्याची जुळवाजुळव चालू होती. पुढच्या रविवारी जाऊ, असे म्हणता म्हणता पाच-सहा रविवार गेले. मित्रांनो, तुम्हीही कुणाला तरी असे सांगितले असेल. मी टाचणीबाईंना दोष देत नाही. त्यांच्या चपला रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि सगळ्यांच्या नंतर जात, हे मी स्वतः पाहिले आहे.

एका सकाळी त्या रोजच्यासारखी कार्डे वाटत होत्या. वरचे खण उघडत होते, मिटत होते. मग माझी कडी ओढली गेली. त्यांचा हात कार्ड धरून माझ्यावर आला आणि तिथेच थांबला.  मला कार्डाची खालची बाजू दिसत होती. 'घरात आणखी कोण' या जागी रेघ ओढली होती. सहीच्या ओळीवर लिहिले होते, 'घड्याळ दुरुस्तीवाला'.

खटखटताई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. हाड मोडले होते, उठता आले नाही. वरून चालण्याचा आवाज येत नाही, हे दुकानदाराच्या चौथ्या दिवशी ध्यानात आले. त्यातले दोन दिवस तरी त्या जिवंत असाव्यात, असे डॉक्टरांनी कार्डावर बारीक अक्षरात लिहिले होते. सिस्टर पूर्वी ज्या दिवशी त्यांच्याकडे जायची, तो दिवस त्या दोन दिवसांत येत होता.

नियमाप्रमाणे ते कार्ड माझ्यात टाकायचे होते. टाचणीबाईंनी ते टाकले नाही. त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्या गुडघे धरत धरत माझ्यासमोर फरशीवर बसल्या. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्या रडत होत्या. मग डोळे पुसून त्यांनी माझ्यातले दुसरे एक कार्ड काढले. मग तिसरे. मग सगळीच मांडीवर घेतली. दूधवाला. घरमालक. खालच्या मजल्यावरचे. हवालदार. दूधवाला.

"अगं आई गं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्याच्या घरी कुणीच नाही, त्याच्या कार्डावर घरच्याची सही येणार कुठून?"

 इतकी वर्षे मी ज्यांना अर्धवट समजत होतो, ती एकट्या माणसांची कार्डे होती. 'एकटे' या खणात गेले होते ते फक्त इस्पितळात वारलेले, ज्यांना आधी नर्सने विचारून त्यांचीच सही घेतली होती. जे घरी, दाराआड गेले, ते सगळे माझ्याकडे आले होते. त्यांना कुणी मोजलेच नव्हते. आणि म्हणून तक्त्यात एकटी माणसे ठणठणीत दिसत होती.

समितीची बैठक तेरा दिवसांवर आली होती. त्या बैठकीत साऱ्या शहरातल्या भेटी बंद होणार होत्या. टाचणीबाईंनी माझ्यातली साठ ते सत्तर वयाची कार्डे वेगळी केली. खटखटताईंचे धरून बासष्ट निघाली. त्यांतल्या एकाबद्दल कुणाला विचारायची गरज नव्हती. उरलेले एकसष्ट पत्ते घेऊन कचेरी सुटल्यावर त्या आणि सिस्टर पायी फिरू लागल्या. सकाळी येऊन त्या मला उघडत, शिसपेन्सिलीने प्रत्येक कार्डावर लिहीत आणि लिहिता लिहिता पुटपुटत. त्यावरूनच मला सारे कळे. कुठे दाराला कुलूप होते आणि शेजाऱ्यांना गेलेल्याचे नावही ठाऊक नव्हते. एका जिन्यात 'ते का, ते खोकायचे,' एवढेच सांगण्यासारखे उरले होते. एका घरी मात्र चांगली सात माणसे निघाली आणि सून म्हणाली, सही करायची होती हो, पण पेनच सापडेना. ते ऐकून मला इतक्या दिवसांनी हसू आले.

बासष्टपैकी चारजणांना घरची माणसे होती. अठ्ठावन्नजण एकटे होते.

या वर्षीही 'एकटे' खणात कार्डे चाळीसच होती. म्हणजे एकटे राहणारे चाळीस नव्हे, अठ्ठ्याण्णव गेले होते. दोन हजारांत अठ्ठ्याण्णव. हजारी एकोणपन्नास. आणि कुणाबरोबर तरी राहणारे अजूनही हजारी तीसच. तुम्हीच बघा, मित्रांनो, वीस आणि एकोणपन्नास यांत किती फरक आहे तो.

बैठकीच्या दिवशी टाचणीबाई कार्डे घेऊन साहेबांकडे गेल्या. दार उघडेच होते, म्हणून मला ऐकू आले.

"बाई, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं मी तक्त्यात कसं घेऊ?" साहेब म्हणाले. "नियम आहे."

"नियमच चुकलाय, साहेब."

"तक्ता तुमच्या हातचा आहे. आज समितीसमोर तो चुकला म्हणालात, तर लोक विचारतील, नळाचा तक्ता तरी बरोबर होता का? एवढ्या वर्षांचं नाव मातीत जाईल तुमचं."

"जाऊ दे." टाचणीबाई म्हणाल्या. "त्या नावावर विश्वास ठेवूनच सिस्टरला थांबवलं ना त्यांनी? माझी मैत्रीण दोन दिवस जमिनीवर पडून होती, साहेब. मी केलेल्या तक्त्यामुळे."

 टाचणीबाई बाहेर आल्या, माझ्यासमोर बसल्या, कार्डे माझ्यात ठेवली आणि दोन्ही हातांनी त्यांनी मला ओढले. मी नेहमीच्या जागी अडलो. त्यांनी आणखी ओढले आणि मी कपाटातून बाहेरच आलो. साहेब दारात उभे राहून बघत होते. नियमाप्रमाणे खण कचेरीबाहेर न्यायचा नसतो. ते वळले आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मला वाटते, त्यांच्या स्वभावाच्या माणसाला त्यापेक्षा जास्त करणे जमण्यासारखे नव्हते.

मी जड होतो. एका बाजूने टाचणीबाईंनी धरले, दुसऱ्या बाजूने सिस्टरने. वाटेत दोनदा मला पायरीवर टेकवून त्यांनी श्वास घेतला. जिना म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. वरच्या मजल्यावर समितीचे लांबलचक टेबल होते. चहाचे कप बाजूला सारून त्यांनी मला त्यावर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांच्या चेहऱ्यांच्या उंचीवर आलो आणि तेही सगळे कपाळाला आठ्या घातलेले.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारले.

"हा खण आम्ही मोजत नव्हतो," टाचणीबाई म्हणाल्या. "एकट्या राहणाऱ्यांचा तक्ता मी केला होता. तो चुकलाय. चूक माझी आहे."

 कोपऱ्यातले एक डॉक्टर सदस्य पुढे झुकले. "इतकी वर्षं काम करताय तुम्ही. लक्षात कसं आलं नाही?"

"या खणातलं मोजायचं नसतं, असं ठरलं होतं. एकदा ठरलं की माणूस बघत नाही, डॉक्टर. मीही बघितलं नाही."

मग त्यांनी आकडे सांगितले. सांगून झाल्यावर एकेक कार्ड उचलून वय आणि सहीची ओळ वाचायला सुरुवात केली. त्रेसष्ट, दूधवाला. सदुसष्ट, घरमालक. एकसष्ट, माहीत नाही. अध्यक्षांनी हाताने पुरे अशी खूण केली, पण त्या थांबल्या नाहीत. सत्तावन्न कार्डे वाचली. शेवटचे कार्ड त्या नुसते हातात धरून राहिल्या. सिस्टरने ते त्यांच्या हातातून घेतले आणि वाचले, "सहासष्ट, घड्याळ दुरुस्तीवाला."

त्या दिवशी भेटी बंद करण्याचा ठराव मागे घेतला गेला. नदीच्या दोन्ही बाजूंना भेटी पुन्हा सुरू झाल्या, आणि आणखी एक सिस्टर नेमायचे ठरले. सहीच्या ओळीखाली एक नवी ओळ आली, 'घरात कुणी नसल्यास तसे लिहावे'. टाचणीबाईंना मात्र लेखी ठपका मिळाला. तक्त्यांचे काम त्यांच्याकडून काढून पाकिटांवर पत्ते लिहायचे काम दिले गेले. त्या कुरकुरल्या नाहीत. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्यातली एकट्यांची कार्डे उचलून वरच्या खणात नेली. मैत्रिणीचे कार्ड सगळ्यांत शेवटी नेले. मग मला हाताने, अगदी हळू, बंद केले.

खरे सांगू? मला आनंद झाला, आणि रितेही वाटले. ती माणसे इतकी वर्षे माझ्याकडे होती, तेव्हा मी त्यांना नावे ठेवली. ओळख झाली आणि ती निघून गेली. त्यानंतर माझ्यात वर्षाकाठी चार-दोन कार्डे येत, पेन न सापडलेल्यांची. पुढे कार्डेच बंद झाली, सगळे संगणकावर गेले आणि आमचे कपाट बोळकांडीत आले. आता माझ्यात एक तुटका स्टेपलर आणि कुणाच्या तरी छत्रीची मूठ आहे.

पण एक गोष्ट सांगायची राहिली. भेटी पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या वर्षी रकानेसाहेबांनी स्वतः बसून तक्ता केला. त्याच वयाचे, एकटे राहणारे दोन हजार. गेलेले ब्याऐंशी. आदल्या वर्षी अठ्ठ्याण्णव होते. साहेबांनी दोनदा बेरीज तपासली आणि ते आपल्याशीच म्हणाले, "एखाद्या वर्षी होतं कमी-जास्त." त्याच्या पुढच्या वर्षी ऐंशी निघाले, तेव्हा मात्र ते उठले. त्यांनी टाचणीबाईंना पाकिटांच्या टेबलावरून बोलावले आणि तक्ता त्यांच्या हातात दिला.

अठ्ठ्याण्णवातून ब्याऐंशी गेले, म्हणजे सोळा. मी त्या सोळांचा फार विचार करतो. जे गेले, त्यांचे कार्ड असते. त्यांना नाव असते, वय असते. पण जे वाचले, त्यांचे कार्ड कुठल्याच खणात नसते. टाचणीबाईंनी ज्यांच्यासाठी आपले नाव घालवले, ती सोळा माणसे कोण, ते त्यांना कधीच कळले नाही. कुणालाच कळले नाही. त्या सोळांनाही नाही. सिस्टर आली, तिने नाडी बघितली, 'बरं आहे ना?' विचारले, 'बरं आहे' म्हणून त्यांनी दार लावून घेतले आणि चहा ठेवला असेल.

तेव्हा, मित्रांनो, तुमच्या जिन्यात असे एखादे दार असेल तर ते वाजवा. आतून कुणी म्हणेल, काही काम होतं का? नव्हतं म्हणून सांगा. थोडे बोला आणि जा. पुन्हा पुढच्या आठवड्यात जा. तुमच्यामुळे कुणी वाचले का, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तरीही जा.